भाईचा पहिला मान

भाई गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. मालवणात माझ्या शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून तो खाली उतरला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, तुमचे भाई गेले... सकाळीच. वयनींनी सांगान धाडल्यानी." गाडीतली माणसं खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, वर्गात परत गेले, फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित पुरं केलं, मुलींना घरी सोडलं आणि परत फिरणाऱ्या त्याच गाडीनं गावी निघाले. रडू आलं नाही. चौके मागं पडलं, धामापूरच्या तलावाचं पाणी झाडांतून दिसून गेलं, आणि सगळा रस्ता माझ्या मनात एकच गोष्ट होती. आता तिथं जमलेल्यांत कोणता भाई गेलाय म्हणून माणसं बसली असतील? कारण मला दोन भाऊ होते असं म्हटलं तरी चालेल, आणि दोघांचं नाव भाई होतं.

पोचले तर पडवीत माणसं मावत नव्हती. मालवणहून, कणकवलीहून पक्षाची मंडळी आली होती. पक्षाचं नाव मी इथं लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. धर्माच्या नावानं चालणारा, कडक बोलणारा तो पक्ष. भाईच्या अंगावर त्यांचं निशाण पांघरलेलं होतं. वैनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याजवळ नलू, भाईची एकुलती एक लेक, नांदगावहून आलेली. स्मशानाकडे निघण्याआधी एकानं भाषण केलं. धर्माचा पहारेकरी गेला, म्हणाला. आवाज मोठा होता, शब्द पाठ असावेत. मी त्या भाषणात माझा भाऊ शोधत राहिले आणि तो काही सापडला नाही.

त्याला आता महिना-दीड महिना झाला. मालवणात जो भेटतो तो मला भाईबद्दल विचारतो, आणि विचारणाराच उत्तरही देऊन टाकतो. "एवढा चांगला मास्तर माणूस, पण कूळकायद्यात जमीन गेली ना, म्हणून कडवट झाला." आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणतात, दुसऱ्या म्हणतात, वाणीसुद्धा पुडी बांधता बांधता म्हणतो. सुरुवातीला मी वाद घातला. आता दमले. पोटाला चिमटा बसला म्हणून माणूस फिरला, हे कारण सगळ्यांना बरं वाटतं, कारण ते सरकारच्या गळ्यात घालता येतं. पण भाई फिरला तेव्हा जमीन जागच्या जागी होती. कूळकायद्यानं आमची भातशेती कुळांकडे गेली ती त्यानंतर काही वर्षांनी, आणि ती गेली तेव्हा भाई फारसा बोललाही नाही. "कसतत तेंची झाली," एवढंच म्हणाला आणि काजूच्या झाडांना खत घालायला गेला. म्हणून हे एकदा लिहून टाकते. पुन्हा कोणी विचारलं तर हे वाचायला देईन आणि गप्प बसेन.

पहिला भाई सांगते. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा तापानं गेला. माहेरी परत आले तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची. वडिलांनी ठरवून टाकलं होतं की मी आता चुलीपाशी बसायचं आणि कुणाच्या समोर यायचं नाही. भाई तेव्हा नुकताच गावच्या शाळेत मास्तर झाला होता. त्यानं वडिलांशी भांडण काढलं. आमच्या घरात वडिलांशी भांडण म्हणजे देवाशी भांडण, कारण वडील गावचे पहिले मानकरी. पण भाई हटला नाही. आवडी शिकेल, मास्तरीण होईल, म्हणाला. रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात माझं नाव घातलं. मला पोचवायला निघालो त्या दिवशी गडी मिळाला नाही की वडिलांनी मिळू दिला नाही, कोण जाणे. भाईनं माझी पत्र्याची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पहिल्या मानकऱ्याचा मुलगा डोक्यावर ओझं घेऊन मालवणच्या बंदरापर्यंत चालत गेला, वाटेत लोक घराबाहेर येऊन बघत होते, आणि हा मजेत, घामानं निथळत मला सांगतोय, "आवडे, बोटीर वारो लागलो की नाक धर आणि लिंबू चोख. रडा नको, नायतर लोक म्हणतले, ओझां भावाच्या डोक्यार आणि रडता भैण." मी हसत हसत आगबोटीत चढले. आज मी पोटापुरतं कमावते, कुणापुढं हात पसरत नाही, ते त्या पेटीमुळं.

शाळेतही तो असाच. आमच्या गावात देवळाच्या उतारावर खालची वाडी आहे. तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीपर्यंतच येता यायचं, आणि शाळेत त्यांच्या पोरांना ओटीवर बसवायची रीत होती. भाईनं ती पहिल्याच पावसाळ्यात मोडली. पोरं भिजतायत म्हणाला, आत घेतलं, आणि पाऊस थांबल्यावर बाहेर पाठवायचं विसरला. गावानं कुरकूर केली, पण मानकऱ्याच्या मुलाला कोण बोलणार? त्या पोरांत गोविंद नावाचा एक होता. हुशार, हट्टी, अक्षर मोत्यासारखं. भाईचा भारी लाडका. पुढं तो देवबागच्या शाळेत मास्तर झाला तेव्हा भाईनं पेढे वाटले होते.

आता मानाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे देवळातला मान म्हणजे नुसता पहिला नारळ आणि पहिला प्रसाद नव्हे. जत्रेला पालखी निघण्याआधी पहिला मानकरी हातात नारळ घेऊन देवापुढं उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. एकेक घर, एकेक वाडी, गुरंढोरं, मुंबईला गेलेले चाकरमानी, सगळ्यांची नावं घेऊन देवाला सांगायचं की यांचं बरं कर. आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "होय म्हाराजा!" लहानपणी वडिलांना असं उभं राहिलेलं पाहून मला वाटायचं, गाव म्हणजे एकच मोठं माणूस आहे आणि त्याचं तोंड माझा बाप आहे. वडील गेल्यावर ते तोंड भाई झाला. त्याचा आवाज वडिलांपेक्षाही चांगला. जत्रेआधी आठवडाभर तो सुपारीसुद्धा खायचा नाही, घसा बसेल म्हणून. एरवी साधा माणूस, पण त्या एका दिवशी धोतराची निरी तीन-तीनदा सोडून नेसायचा. मी चिडवायचे, "नवरदेवा, मुंडावळ्यो बांधूक व्हयेत?" तो लाजायचा, पण आरशापुढून हलायचा नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर कायद्यानं देवळं उघडली तशी आमच्या गावानंही उघडली. भाईनं विरोध केला नाही, हे मी शपथेवर सांगेन. देवस्थानची समिती झाली, तिच्या बैठकीत ठरलं की यंदा गाऱ्हाण्यात घरांचा नि वाड्यांचा जुना क्रम नको, सगळी लेकरं एकत्र म्हणायची. भाई हो म्हणाला. घरी येऊन त्यानं नवे शब्द मला म्हणूनही दाखवले. मी सुट्टीत गावी होते. जत्रेच्या दिवशी खालच्या वाडीची माणसं पहिल्यांदा देवळाच्या आत उभी राहिली, धुतलेले कपडे घालून, बायका डोक्यावरचा पदर घट्ट धरून. त्यांच्या पुढं गोविंद होता. भाईनं नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज तुजी सगळी लेकरां तुज्या पायांकडे जमली हत..." होय म्हाराजा! "तेंच्या पोरांबाळांचा, गुराढोरांचा बरां कर..." होय म्हाराजा! देऊळ घुमलं. आणि त्या घुमण्यात त्याला वडिलांच्या वेळची लय सापडली असावी. नवे शब्द कुठल्या कुठं गेले. जुनेच शब्द ओळीनं तोंडात येऊ लागले, घरामागून घर, वाडीमागून वाडी, आणि शेवटी जिथं नेहमी यायचं तिथं येऊन तो म्हणाला, "आणि देवळाभायली लेकरां, तेंच्यार पण तुजी नजर ठेव, म्हाराजा..."

देवळाबाहेरची लेकरं. ती त्याच्यापासून चार हातांवर, आत, उभी होती.

कोणी होय म्हटलं नाही. आधी खालच्या वाडीनं म्हटलं नाही, मग तरुण पोरांनी, मग बाकीच्यांनी इकडंतिकडं बघून तोंड मिटलं. मग गोविंद अगदी हळू, आदरानं म्हणाला, "मास्तरांनू, आमी भितूर आसंव." आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. तो हसणारा खालच्या वाडीचा नव्हता, आमच्याच भावकीतला होता. पण हसू ते हसू. समितीच्या अध्यक्षानं पुढं होऊन भाईच्या हातातला नारळ घेतला आणि गाऱ्हाणं स्वतः पुरं केलं, चार वाक्यांत, घाईघाईनं. त्याला मात्र गाव होय म्हाराजा म्हणाला.

गोविंद चुकला असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभं राहून आत पाऊल टाकलं त्याच क्षणी पुन्हा बाहेरचे म्हणवून घ्यायचं, हे कुणी का सोसावं? पण भाईनंही ते मुद्दाम केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माडांच्या आळ्यांपाशी बसला होता. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "तोंडातसून गेलां गो आवडे. बापाशीचे शब्द ते... येतच गेले." मी म्हटलं, "मगे जा आणि गोविंदाक तसां सांग." "जातंय," म्हणाला. "सांजेक जातंय." आणि तो गेला असता. एवढी मी माझ्या भावाला ओळखत होते. गोविंदनंही त्याला दारात उभं ठेवलं नसतं.

पण संध्याकाळ व्हायच्या आत मालवणहून त्या पक्षाची दोन माणसं सायकली घेऊन घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहिली. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. जोडे बाहेर काढले, भाईच्या पाया पडले, मानकरीसाहेब म्हणाले. आणि त्याला सांगितलं की तुमची चूक झालेलीच नाही. तुम्ही शास्त्राचे शब्द बोललात, अपमान झाला तो तुमचा, तुमच्या घराण्याचा, धर्माचा. मी दारामागं उभी राहून ऐकत होते. भाई आधी नाही नाही म्हणत होता. मग नुसता ऐकत राहिला. चूक कबूल करायला माणसाला उतार उतरून खालच्या वाडीत जावं लागतं, आणि अपमान झाला म्हणायला जागेवरून उठावंही लागत नाही... त्या संध्याकाळी तो गोविंदकडे गेला नाही. नंतरही कधी गेला नाही.

पुढच्या जत्रेला गाऱ्हाणं पाळीनं घालायचं ठरलं. भाई देवळात गेलाच नाही. त्याऐवजी आमच्या खळ्यात पक्षाच्या सभा होऊ लागल्या. बाकावर उभा राहून भाई बोलायचा, आणि समोरची माणसं हात वर करून ओरडायची. मी एकदाच ती सभा पाहिली आणि मला सगळं समजलं. देवळात जे थांबलं होतं ते त्याला इथं परत मिळत होतं. तो काय बोलतोय याच्याशी त्याचा फारसा संबंधही नव्हता. सिनेमामुळं पोरं बिघडली, चहाच्या हॉटेलात कोण कुणाचा पेला धुतो कळत नाही, बायका सायकलीवर बसू लागल्या. हा सगळा माल मालवणहून यायचा, हा फक्त गळा लावायचा. आणि गळा त्याचा चांगलाच होता. निवडणुकीत त्या पक्षाला तालुक्यात कुणी विचारलं नाही, पण आमच्या गावातल्या जुन्या मानकऱ्यांच्या घरांनी झाडून त्यांना मतं दिली. त्यांतल्या कुणाची चूल तोवर विझली नव्हती. त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी नारळ मिळू लागला होता, इतकंच.

एक गोष्ट मला फार लागली. भाई माझ्याशी जन्मभर मालवणी बोलला. पक्षात गेल्यावर एकदा बोलता बोलता तो मला म्हणाला, "आपल्या संस्कृतीवर आक्रमण होत आहे." असं, अगदी छापील. मी त्याच्याकडे बघतच राहिले. घरातही रीती परतू लागल्या. गोविंदचा बाप आमच्या माडांचे नारळ उतरवायला यायचा, त्याला कितीतरी वर्षं कपात चहा मिळत होता. भाईनं वैनीला सांगून पुन्हा करवंटीत द्यायला लावला. म्हाताऱ्यानं करवंटी तशीच पायरीवर ठेवली, कोयता कमरेला अडकवला आणि निघून गेला. त्यानंतर आमच्या माडांवर चढायला कोणी येईना. सुकलेले नारळ आपोआप धपाधप पडायचे, आणि वैनी प्रत्येक आवाजाला दचकून भाईकडे बघायची. भाई ऐकू न आल्यासारखा करायचा.

आणि मग नलूची पाळी आली. नलू माझ्याकडे राहून मालवणच्या हायस्कुलात शिकत होती, हेही भाईनंच ठरवलेलं. आसपासच्या गावांतल्या आणखी काही मुली माझ्याकडे राहायच्या, अजूनही राहतात. सगळ्या वाड्यांतल्या. माझ्या घरात पंगत एकच. ते भाईला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याच पंगतीत बसून तो बांगड्याची आमटी ओरपून गेला होता. पण आता पक्षाच्या मंडळींनी त्याला विचारलं असणार, की तुमच्या स्वतःच्या लेकीचं काय? एका सकाळी तो दारात आला. आत येईना. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आवडे, नलूक घेवन जातंय."

"तिची परीक्षा आसा फुडच्या महिन्यात."

"रवांदे परीक्षा."

"भाई, माका ट्रेनिंगाक कोणी धाडलेलां? माजी पेटी डोक्यार कोणी घेतलेली?"

तो उंबऱ्यापासून एक पाऊल मागं सरला. मग म्हणाला, "मीच. पण ह्यां खंय जावन थांबतलां, तां तेवा खंय म्हायत होतां माका?"

मला संताप आला. "मगे माका पण ने घरा. चुलीकडे बसय. माका शिकयलंस ती पण तुजी चूकच मां?" तोवर नलू आपलं बोचकं घेऊन बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रडली नाही, हट्ट केला नाही, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चपला घातल्या. भाईनं तिच्या हातातलं बोचकं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. ते त्यानं सवयीनं केलं, मायेनंच केलं, आणि मला ते बघवेना म्हणून मी आत गेले. दोन वर्षांत नलूचं लग्न झालं. नांदगावात रस्त्यालगत दुकान असलेलं घर, मुलगा वासुदेव, पक्षाचा चांगला कार्यकर्ता. माणूस वाईट नाही, मारत-झोडत नाही. नलू दुकानाचे हिशेब बघते असं ऐकून मला बरं वाटलं होतं, तर कळलं की तिला तेही बघू देत नाहीत.

मी भाईशी संबंध तोडून बसले नाही. तेवढं त्राण नव्हतं. गणपतीला जायचे, दिवाळीला जायचे, आम्ही फणसाबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. तो म्हातारा होत गेला तसे पक्षाचे लोकही कमी येऊ लागले. त्यांना नवे गळे मिळाले होते. शेवटच्या वर्षी दम्यानं त्याला अंथरुणात बसून राहावं लागायचं. तेव्हा तरी काही बोलेल असं वाटायचं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "गोविंद हेडमास्तर झालो." बराच वेळ धाप लागल्यासारखा श्वास घेत राहिला. "अक्षर चांगलां तेचां," म्हणाला. बस, एवढंच.

तेराव्याला पुन्हा सगळी जमली. नलूची मुलगी सुलू दहा वर्षांची आहे, चौथी पास झालेली. नलूनं जेवणं आटोपल्यावर, सगळे पडवीत बसलेले असताना, मला विचारलं, "आत्ये, सुलूक तुझ्याकडे ठेवशीत? हायस्कुलाक?" माझ्या आधी वासुदेवच बोलला. तसा शांतपणेच. "मामांची इच्छा काय होती, ती तुका ठाऊक आसा. तेंच्या तेराव्याक तरी हो विषय नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाच्या नावानं बोललं की माना डोलावतातच. मला वाटलं, झालं. भाईतलं जे उरायचं होतं ते हेच उरलं, आणि ते आता या पोरीच्या वाट्याला जाणार. बोलून बोलून मी थकले होते, आणि माझं कोण ऐकणार होतं?

नलू उठून उभी राहिली. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "बाबांनी माका न्हेल्यानी तेवा मी कायएक बोलूक नाय," ती नवऱ्याला म्हणाली. "ते जिते होते, माजे बाबा होते. आता ते नाय. तेंच्या नावान माझ्या चेडवाक कोणी न्हेवचा नाय. तुमी पण नाय." मग आतून वैनी, जी चाळीस वर्षांत पुरुषांच्या बैठकीत बोलली नव्हती, म्हणाली, "पोरीचे कपडे भर गो नलू. गाडी चुकात." वासुदेव माझ्याकडे बघेना, बायकोकडे बघेना. जोडे घालून खळ्यात जाऊन पाठमोरा उभा राहिला. आम्ही त्याच्या बाजूनं गेलो तेव्हा त्यानं सुलूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला थांबवलं नाही. उद्या येऊन घेऊन जाईल का, ते मला माहीत नाही. अजून आलेला नाही.

त्याच संध्याकाळी मालवणात माझ्या घरी पानं मांडली. मुली ओळीनं बसल्या. सुलू बसेना. म्हणाली, "पयलां पान माजां. आजोबांनी सांगितलेलां, आमचो पयलो मान." मुली खदाखदा हसल्या. त्यांचा काय दोष, पोरीच त्या. पण सुलूनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि तशीच उभी राहिली. मी चरकले. भाई दुखावला की अगदी असे डोळे मिटून घ्यायचा, कोणी नावानं हाक मारीपर्यंत उघडायचा नाही. त्या जत्रेच्या दिवशीही हातातला नारळ गेल्यावर तो तसाच उभा होता, सगळं गाव पालखीमागं बाहेर पडलं तरी.

"सुलू," मी हाक मारली. तिनं डोळे उघडले. "पयलो मान तुजोच. आमच्याकडे पयल्या मानाचा माणूस वाढता." ही रीत माझ्या घरात कधीच नव्हती, मी तिथल्या तिथं काढली. तिनं संशयानं माझ्याकडे बघितलं, मग भाताचं भांडं उचललं. फुरंगटूनच, पण नीट वाढत गेली, प्रत्येकीच्या पानात, शीतही सांडू न देता. शेवटच्या पानापर्यंत गेली. मग भांडं छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आणि आता माका कोण वाढतलो?"

कोणी हसलं नाही. माझे गुडघे दिवसभराच्या दगदगीनं भरून आले होते, तरी उठले. तिच्या हातातलं भांडं घेतलं, तिला माझ्या पाटावर बसवलं. ती पुन्हा डोळे मिटून बसली होती. पानात भात पडल्यावर तिनं ते उघडले.